जूनच्या अंकासाठी

वाल्मिक ओव्हाळचा पहिला लेख परत आला तो मार्गशीर्षात. शेतातलं भात तोवर झोडून कणगीत गेलं होतं. लेख भातकापणीवर होता आणि दिवाळी अंकात यावा म्हणून त्याने तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्वतः खोपोलीच्या पोस्टात जाऊन टाकला होता. परत आलेल्या पाकिटात लेखासोबत एक कार्ड होतं. 'लेख आवडला. पण दिवाळी अंकाचा मजकूर आमच्याकडे जून-जुलैतच ठरतो. आपण फार उशिरा पाठवलात. दादरला आलात तर भेटा.' खाली संपादक दातार यांची सही.

उशीर हा शब्द वाल्मिकला लागला. खोपोलीच्या एका कारखान्यात तो टाइम ऑफिसात कारकून होता. भोंगा झाल्यावर कोण किती मिनिटांनी आत आला हे लिहून ठेवणं हेच त्याचं काम. सहा वर्षांत त्याच्या स्वतःच्या नावापुढे एकदाही लाल खूण पडली नव्हती. आणि इथे एका ओळखदेख नसलेल्या माणसाने त्याला सांगितलं होतं की तू पाच महिने उशिरा आलास.

गोष्ट एकोणीसशे सहासष्टची. वाल्मिक तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. शिळफाट्याला भाड्याच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको सुंदरा राहायचे. आई, इंदूबाई, खालापूरच्या पुढे पाताळगंगेच्या काठी गावातच होती. वडील वारल्यावर वाल्मिकने तिला शिळफाट्याला आणायचा प्रयत्न केला होता. चार दिवस राहून ती परत गेली. कारखान्याच्या धुराने डोंगर दिसत नाही म्हणाली.

डिसेंबरात एक रजा टाकून वाल्मिक कर्जतला गाडी बदलून दादरला गेला. 'अंगणवेल' मासिकाचं कार्यालय एका चाळीच्या पहिल्या मजल्यावर होतं. दातार साहेब साठीच्या आसपासचे, सडपातळ, बोलायला मऊ. टेबलावर मुद्रितांचे ढीग होते आणि त्यांतून थोडी जागा करून त्यांनी वाल्मिकसाठी चहाचा कप ठेवला.

"तुमचं लिहिणं स्वच्छ आहे," ते म्हणाले. "फक्त तुम्ही जेव्हा जे दिसतं तेव्हा ते लिहून पाठवता. मासिकाचं तसं नसतं. अंक एक तारखेला बाहेर पडतो. त्याआधी महिनाभर छपाई, त्याआधी चित्रं, त्याआधी निवड. तीन महिने धरून चाला. दिवाळीला पाच."

"म्हणजे पावसाचं उन्हाळ्यात लिहायचं?"

"उन्हाळ्यात नाही. थंडी सरताना. जूनचं मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर हवं."

वाल्मिकने खिशातून कागद काढून ते लिहून घेतलं. दातार हसले. मग त्यांनी त्याच्या लेखावरचं नाव पुन्हा पाहिलं.

"ओव्हाळ. बौद्ध का तुम्ही?"

"हो."

"मग असं करा, एप्रिलच्या अंकासाठी एक लिहा. चौदा तारखेची जयंती, तुमच्या वस्तीत कशी होते ते. पंधरा जानेवारीच्या आत पाठवा. आम्हाला लागतोच तो लेख, आणि आतलं माणूस मिळत नाही."

वाल्मिकने तो नऊ जानेवारीलाच पाठवला. थंडीत बसून त्याने एप्रिलचं ऊन लिहिलं, निळे झेंडे लिहिले, खालापूरहून वाजत येणारी मिरवणूक लिहिली. लेख छापून आला. शिळफाट्याच्या वस्तीत तरुण मंडळाचा पोपट नावाचा कार्यकर्ता होता, त्याने तो बुद्धविहारासमोर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला. अंक एवढ्या हातांतून फिरला की परत आला तेव्हा त्याला मुखपृष्ठच नव्हतं. सुंदराने तो तसाच जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून ट्रंकेत ठेवला.

वाल्मिकला वाटलं, दार उघडलं. आता नीट आखून लिहायचं. कारखान्याच्या एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याने बारा चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात दोन गोष्टी: या महिन्यात काय बघायचं आणि कुठल्या महिन्यासाठी काय पाठवायचं. जूनसाठी शेवळं ही रानभाजी, मार्चात. ऑगस्टसाठी भारंगी आणि फोडशी, मेमध्ये. दिवाळीसाठी भातकापणी, जूनमध्ये. जानेवारीसाठी वालाच्या शेंगांची पोपटी, ऑक्टोबरात. सुंदराने ते बघितलं आणि म्हणाली, "अवो, ह्यात आत्ता काय करायचं ते कुठंच लिवलं नाय."

खरी अडचण वेगळी होती. त्याला जे लिहायचं होतं ते त्याला येत नव्हतं, ते इंदूबाईला येत होतं. रानात कधी काय उगवतं, कशाचं कोवळं पान घ्यायचं, कशाचं पाणी पिळून टाकायचं, हे तिच्याइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पावसाचे चार महिने ती डोंगरातून भाजी आणायची आणि खालापूरच्या बाजारात वाटे लावून बसायची. त्याच भाजीवर वाल्मिक अकरावीपर्यंत शिकला होता.

एप्रिलातल्या एका रविवारी तो वही घेऊन तिच्या पुढ्यात बसला.

"आये, शेवळं कशी करायची ते सांग. सगळं पयल्यापासनं."

इंदूबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने वर बघितलं. "आत्ता?"

"व्हय."

"आत्ता कसं सांगू रं? हातात आल्याबिगर तोंडाला येत नाय माज्या. मिरगाच्या आदी ये. दावते."

त्याने खूप विचारून बघितलं. ती आठवून आठवून दोन शब्द सांगायची आणि पुन्हा सुपाकडे वळायची. घरी येताना एसटीत त्याच्या लक्षात आलं की हे असंच करावं लागणार. एक वर्ष नुसतं बघायचं, पुढच्या वर्षी लिहायचं. म्हणजे शेवळांचा लेख अडुसष्टच्या जूनला येणार. त्याने चौकोन खोडले आणि सगळं एक वर्षाने पुढे ढकललं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. उलट, आपल्याला आता खऱ्या लेखकासारखं पुढचं दिसायला लागलं आहे असं वाटलं.

ते वर्ष त्याच्या आयुष्यातलं चांगलं वर्ष होतं. दर रविवारी तो गावी जायचा आणि आईच्या मागे डोंगर चढायचा. लहानपणी तो हे टाळायचा. इंदूबाई पुढे, अनवाणी, डोक्याला पदर गुंडाळून. जूनच्या आरंभी ओल्या पालापाचोळ्यातून जांभळट तपकिरी कोंब वर आले होते. ते तिने त्याला बोटांनी मुळाशी कसे खुडायचे ते दाखवलं.

"हे शेवळ. हेच्या आतला पिवळा भाग काडून टाकायचा. ऱ्हायला तर घसा धरतो. आन ही काकडं." तिने झाडाखालून हिरवी आंबट फळं वेचून त्याच्या ओंजळीत टाकली. "काकडाबिगर शेवळ करायचं नाय. काकडं ठेचून, उकडून त्येचं पाणी घालायचं. मंग खाज मरते. हे लिव आदी. बाकीचं ऱ्हायलं तरी चालंल."

त्याने ते लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

श्रावणात तिने त्याला फोडशीच्या पातीतला कडक दांडा ओढून काढायला शिकवलं आणि भारंगीची पानं दोनदा उकळून पिळून दाखवली. पौषात पोपटीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला किती दाबायचा ते सांगितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण त्याची वही ती मधूनमधून हातात घेऊन पानं मोजायची.

"एवडं झालं व्हय माजं?"

"एवडं झालं."

"माजं नाव घालशील त्यात?"

"पयल्याच ओळीत. माझी आई इंदूबाई हिने सांगितल्याप्रमाणे, असं."

तिने वही मिटून त्याच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी मात्र शेजारच्या सुनेला, जनाला, तिने सांगितलं की पुढल्या मिरगाला माझं नाव मुंबईच्या पुस्तकात येणार आहे. जना सातवी शिकलेली होती. आलं की मीच वाचीन, ती म्हणाली.

अडुसष्टच्या मार्चात, दोन तारखेला, वाल्मिकने शेवळांचा लेख पाठवला. सोबत परतीचं पाकीट, त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेला स्वतःचाच पत्ता आणि तिकीट. ही रीत दातारांनीच सांगितली होती. एप्रिलच्या अंकात त्याचा जयंतीचा दुसरा लेख आला. त्याच महिन्यात त्याने जुलैसाठी चढणीच्या माशांवर, पहिल्या पुरात नदीत वर चढतात त्यांच्यावर, लिहून पाठवलं. मेमध्ये भारंगी-फोडशी. पहिल्याचं उत्तर यायच्या आत तिसरा धाडावा लागत होता. थांबलं तर मोसम हातचा जाणार, आणि न थांबावं तर आपलं कुठे चुकतंय हे कळायचा मार्ग नाही.

चैत्राच्या शेवटी इंदूबाई डोंगरावरून सरपणाची मोळी घेऊन उतरताना पडली. खुब्याचं हाड मोडलं. पनवेलच्या डॉक्टरांनी बघितलं आणि या वयात हे धरेल याची खात्री नाही म्हणून सांगितलं. शिळफाट्याला यायला ती आताही तयार नव्हती. मग सुंदराच गावी जाऊन राहिली आणि वाल्मिक शिळफाट्याला एकटा स्वयंपाक करून कारखान्यात जाऊ लागला. रविवारी तो गावी जायचा. आई खाटेवर पडून दाराबाहेर बघत असायची.

"औंदा डोंगर मला बघायला भेटणार नाय," एकदा ती म्हणाली. "पन पुस्तकात येतंय ना, बरं झालं."

मेच्या मध्यावर पोस्टमन श्रीपत ते पाकीट घेऊन आला. वरचं अक्षर आपलंच बघून वाल्मिकला आतलं न उघडता कळलं. आत लेख होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती, आणि छापील चिठ्ठीवर शाईने लिहिलेली एक ओळ: 'या विषयावरील लेख आधीच स्वीकारला आहे. क्षमस्व.'

सुंदराला त्याने रविवारी विहिरीवर गाठून सांगितलं.

"आत्याबाईंना सांगून टाका," ती म्हणाली.

"सांगतो."

"आजच सांगा. त्या दिस मोजतायत."

त्याने सांगितलं नाही. आईचा ताप चढला होता आणि ती विचारत होती की अंक एक तारखेला येतो म्हणजे गावात कधी पोचतो.

जूनच्या तीन तारखेला खोपोली स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर त्याला 'अंगणवेल' लटकलेलं दिसलं. त्याने सहज उघडलं. बेचाळिसाव्या पानावर शेवळाचं चित्र होतं. चांगलं हुबेहूब, शाईने काढलेलं, कोंबाच्या टोकाचा वाक जसाच्या तसा.  परत पाठवला ते चुकून असेल, दुसरी प्रत काढून ठेवली असेल, असं काहीतरी त्याच्या मनाने एका श्वासात रचलं. मग त्याने वरचं नाव वाचलं. पुण्याच्या कुणा बाईंचं होतं.

त्याने अंक विकत घेतला. कशासाठी घेतला हे त्याला सांगता आलं नसतं. बाकड्यावर बसून त्याने लेख पुरा वाचला. बाईंनी पावसाळ्यातल्या रानभाज्यांवर लिहिलं होतं. भाषा गोड होती. शेवळं त्यांनी कधी मंडईत बघितली असावीत. स्वच्छ धुऊन, बारीक चिरून, कांद्यावर परतून घ्या, असं होतं. आतल्या पिवळ्या भागाचं नाव नाही. काकडं नाहीत.

तो अंक त्याच्या पिशवीतच राहिला. रविवारी तो गावी गेला तेव्हा आईचा ताप उतरत नव्हता, म्हणून पिशवी खाटेशी टेकवून तो तसाच खालापूरला औषध आणायला निघाला. सुंदरा नदीवर कपडे घेऊन गेली होती. पुढे काय झालं ते त्याला नंतर जनाने सांगितलं. इंदूबाईला तहान लागली, तिने आडवं पडूनच हात लांबवला आणि तांब्याऐवजी पिशवी ओढली गेली. अंक बाहेर आला. पानं उलटताना तिला चित्र दिसलं. वाचता येत नसलं तरी शेवळ तिला ओळखू येणारच. तिने जनाला हाक मारली आणि वाचायला बसवलं. जनाने आधी वरचं नाव वाचलं नाही. सरळ मजकुरालाच हात घातला.

वाल्मिक औषधाची बाटली घेऊन उंबऱ्यात आला तेव्हा जना कोपऱ्यात उभी होती आणि अंक आईच्या पोटावर पालथा होता.

"ये," इंदूबाई म्हणाली. "बस."

तो बसला.

"आलं की रं तुजं. चित्र झ्याक काडलंय."

वाल्मिकने बाटली खाटेखाली ठेवली.

"पन काकडं कुठं हायत?"

त्याने जनाकडे बघितलं. ती खाली बघायला लागली.

"मी जनीला दोनदा वाचाया लावलं," इंदूबाई म्हणाली. तिचा आवाज तापाने बारीक झाला होता, पण त्यात राग नव्हता. "काकडं नायत. पिवळं काडायचं बी नाय. आसं कोन खाईल तर त्येचा घसा सुजंल. बायामान्सं वाचून करतील ना ते? पोरांना घालतील."

"व्हय."

"आन तू म्हनला हुतास, पयल्या ओळीत." ती थांबली. "ते ऱ्हाऊ दे. माजं नाव नसंल तर नसंल. पन काकडं तरी लिवायची."

आता बोलायला हवं होतं. हे माझं नाही आये, एवढंच. पण त्याच्या पुढचा प्रश्न त्याला आधीच ऐकू येत होता: मग तुझं कुठं हाय? वर्षभर जिच्या मागे डोंगर तुडवला, जिने वहीची पानं मोजली, तिला सांगायचं की आपलं कुठेच नाही. आणि ही चूक जर आपली नसेल तर ती कुणाकडूनच दुरुस्त होणार नाही, तेही सांगायचं. त्याला वाटलं, त्यापेक्षा चूक आपली असलेली बरी.

"ऱ्हायलं माज्याकडनं," तो म्हणाला.

इंदूबाईने डोळे मिटले. तशीच म्हणाली, "दोन रेगा मारल्या हुत्या ना तू त्येच्याखाली?"

जनाने अंक उचलून उघडला. आता तिला वरचं नाव दिसलं असावं, कारण तिने एकदम वाल्मिककडे बघितलं. त्याने मान हलवून तिला नको म्हणून खुणावलं. जना बाहेर गेली.

"मी दुरुस्ती छापून आनतो," वाल्मिक म्हणाला. "काकडाचं. ते करतात तसं."

"आन," इंदूबाई म्हणाली. "लवकर आन. शेवळं दोन आठवडं ऱ्हातील."

मंगळवारी तो दादरला गेला. दातार साहेबांनी त्याला ओळखलं आणि पुन्हा चहा मागवला. वाल्मिकने चहाला हात लावला नाही. बेचाळिसावं पान उघडून त्याने काय चुकलं आहे ते सांगितलं. दातारांनी चष्मा चढवून पान वाचलं आणि त्यांचा चेहरा खरोखरच उतरला.

"हे तुमच्या लेखात होतं?"

"दुसऱ्या परिच्छेदात होतं."

"मी वाचला होता. मला आठवतं. चांगला होता तो." त्यांनी अंक मिटला. "तुम्ही चार ओळी लिहून द्या, पत्रव्यवहारात घालू. पण जुलैचा अंक बांधून झाला. ऑगस्टचा छापखान्यात आहे. सप्टेंबरात येईल."

"सप्टेंबरात शेवळं नसतात, साहेब."

"ते मला कळतं."

"माझी आई आजारी आहे. तिला दाखवायचं होतं."

दातारांनी हात पसरले. समोरचे ढीग दाखवले. त्यांतला प्रत्येक कागद कुठल्यातरी पुढच्या महिन्याचा होता आणि त्यांतला एकही आजचा नव्हता. वाल्मिकने तिथेच बसून चार ओळी लिहून दिल्या. मग उठता उठता त्याने विचारलं, कारण पुन्हा यायला मिळेल की नाही हे त्याला माहीत नव्हतं.

"माझा का नाही घेतलात?"

दातार खोटं बोलणारे नव्हते. 

"ओव्हाळ, आमच्या वाचकांना स्वयंपाकाचं, सणावाराचं ठरावीक माणसांकडून वाचायची सवय आहे. मी ते बदलू शकत नाही. तुमचा एप्रिलचा लेख आम्ही दोन वर्षं घेतला, पुढेही घेऊ. ती जागा तुमचीच आहे. बाकीचं तुम्ही पाठवता, मी वाचतो, पण उगीच आशा लावत नाही."

"आम्ही बारा महिने जेवतो, साहेब," वाल्मिक म्हणाला.

"हो," दातार म्हणाले. त्यांनी त्या चार ओळींचा कागद उचलून सप्टेंबरच्या ढिगावर ठेवला.

जिना उतरताना वाल्मिकच्या लक्षात आलं की दिवाळीचा लेख आपण याच आठवड्यात पोस्टात टाकला आहे. तो आता वाटेत असेल. टपालाच्या पिशवीतून वर जाईल आणि त्याच टेबलावर पडेल.

इंदूबाई आषाढात गेली. शेवटचे दहा-बारा दिवस ती फारसं बोलली नाही. एकदा शुद्धीवर असताना तिने विचारलं, छापलं का? वाल्मिक म्हणाला, छापायला दिलंय. तिने मान हलवली. ती त्याच्यावर रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. पण ती नुसतीच, एखादं काम नीट न केलेल्या माणसाकडे बघावं तशी, थोडी थकून बघायची. नदीकाठी तिला अग्नी दिला तेव्हा पाणी गढूळ होतं आणि डोंगरावर धुकं होतं. जनाने त्या दिवशी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "भावजी, मी सांगू का त्यांना म्हनून लय येळा वाटलं. सांगाया हवं हुतं का?" 

सप्टेंबरच्या अंकात ती चार ओळींची दुरुस्ती आली. दोनच ओळी छापल्या होत्या. 'शेवळे करताना काकडाचा वापर करावा, असे श्री. वाल्मिक ओव्हाळ, खोपोली, कळवितात.' गाड्यावर उभं राहून त्याने ते वाचलं आणि अंक जागेवर ठेवला. त्या वेळी बाजारात शेवळं नव्हतीच, भाद्रपदातले काकडी-भोपळे आले होते.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत बाकीची पाकिटं एकेक करून आली. चढणीचे मासे. भारंगी-फोडशी. भातकापणी. पोपटीचा लेख त्याने ऑक्टोबरात पाठवलाच नव्हता, तरी श्रीपत दिसला की वाल्मिकचा हात आपसूक पुढे व्हायचा. सगळ्यांवर त्याच्याच अक्षरातला त्याचा पत्ता. सुंदरा ती उघडायचीही नाही, दाराशी घ्यायची आणि फळीवर ठेवून द्यायची. एकदा तिने विचारलं, "तुमी सोताच्या हातानं का लिवता ते वरचं? छापून घ्या एकदम." ती चिडवत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की याने हात दुखत असेल.

डिसेंबरात दातारांचं कार्ड आलं. मातोश्रींचं कळलं, वाईट वाटलं, असं होतं. कुणाकडून कळलं ते नव्हतं. खाली: 'एप्रिल अंकासाठी आपला नेहमीचा लेख पंधरा जानेवारीपर्यंत मिळावा. या वेळी थोडा लवकर मिळाल्यास चित्रकाराला सोयीचे.'

वाल्मिक लिहायला बसला. लागोपाठ तीन रविवार, सकाळी, सुंदरा बाजारात गेली की. दोन वर्षांपूर्वी थंडीत बसून एप्रिलचं ऊन लिहिणं त्याला अवघड गेलं नव्हतं. आता कागदावर 'एप्रिल' लिहिलं की त्याला आईची ओटी दिसायची, सूप दिसायचं, आणि ती म्हणायची, आत्ता कसं सांगू रं. लेख वाईट होत नव्हता, होतच नव्हता. मिरवणूक वेशीपर्यंत यायची आणि तिथेच थांबायची. त्याला वस्तीबद्दल राग नव्हता, त्या दिवसाबद्दल तर मुळीच नव्हता. वर्षातल्या त्या एका दिवसाला तो कुणाचा तरी कुणी लागत होता आणि बाकी दिवस कुणाचाच नाही, हे कागदावर उतरवून दाखवायचं बळ मात्र त्याच्यात उरलं नव्हतं. पंधरा जानेवारी बुधवारी आली. कारखान्याचा भोंगा झाला, तो कामावर गेला, उशिरा आलेल्या अकरा जणांची नावं त्याने लिहिली. संध्याकाळी पोस्ट बंद झालं.

एप्रिलचा अंक आला. त्यात जयंतीचा लेख होता, दुसऱ्या कुणाचा तरी, पनवेलच्या बाजूच्या. जागा भरायला कोणी ना कोणी मिळतंच. पोपटने तो वस्तीत वाचून दाखवला आणि लोकांनी ऐकला. मग पोपट वाल्मिकच्या खोलीवर आला.

"दादा, यंदा तुमचा नाय आला."

"उशीर झाला पाठवायला," वाल्मिक म्हणाला.

"तुमाला? उशीर?" पोपटला ते खरं वाटेना. मग तो म्हणाला, "आईचं झालं ना मधी. होतं आसं. आता पुढल्या वर्षासाठी आत्तापासनंच लिवून ठेवा. म्हंजे काळजी नको."

"बरं," वाल्मिक म्हणाला.

त्याने लिहिलं नाही. पुढच्या वर्षीही नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. सुंदराने पावसाळ्याच्या तोंडाला ओल लागेल म्हणून फळीवरची पाकिटं काढून ट्रंकेत टाकली, आणि ट्रंक भरली म्हणून त्यातल्या जुन्या साड्या बाहेर काढून जनाला देऊन टाकल्या. वाल्मिक टाइम ऑफिसातून निवृत्त होईपर्यंत तिथेच होता. त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर नवीन वर्षाचं कॅलेंडर डिसेंबरातच येऊन लागायचं. तो ते एक जानेवारीपर्यंत भिंतीकडे तोंड करून उलटं टांगून ठेवायचा, आणि का म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचा, अजून डिसेंबर आहे.